अकरा नंबरचा आवाज

शाळा पुन्हा उघडली त्या सोमवारी मुलांच्या आधी त्यांचे आवाज आले. हवा खेळती राहावी म्हणून वर्गाच्या खिडक्या शनिवारपासून उघड्या ठेवायच्या होत्या, तसं परिपत्रकातच होतं, त्यामुळे त्यांना आत यायला काही अडचण आली नाही. दहा वाजता मी कुलूप काढलं तेव्हा सातवीचे चौदाही आवाज आपापल्या जागी बसून होते.

जागा मीच आखल्या होत्या. बाकं व्हरांड्यात रचली आणि कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन फरशीवर चौदा रिंगणं काढली. एका रिंगणापासून दुसरं सहा फुटांवर. शाळेचा कापडी टेप दीड वर्षात उंदरांनी खाल्ला होता, म्हणून सगळं अंतर फूटपट्टीनं मोजलं. प्रत्येक रिंगणात हजेरीचा नंबर घातला. उठल्यावर कंबर धरली होती, पण काम नीट झालं होतं आणि मला त्याचं बरं वाटलं होतं.

आवाज दिसत नाहीत. पण रिंगणात कुणी बसलंय हे कळतं, कारण माशी तिथं टेकत नाही.

"बाई, ऐकू येतंय का?" पाच नंबरमधून आलं.

"बाई, नेट गेलं होतं," सात नंबर म्हणाला.

"बाई, पप्पा फोन घेऊन रानात गेल्यात."

दीड वर्ष मी मोबाइलवर हीच वाक्यं ऐकत होते. दचकायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "गप्प बसा," आणि ते गप्प बसले. मोबाइलवर कधी बसले नव्हते.

साडेदहाला मुलं आली. फाटकाशी मुख्याध्यापक खोत सर ताप बघायची बंदूक घेऊन उभे होते. एकेकानं पालकांचं संमतीपत्र दाखवायचं, कपाळ पुढं करायचं, हात धुवायचे आणि आत यायचं. मुलं उंच झाली होती. गणवेशाच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या, चेहऱ्यावर मास्क, आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"काय शिस्त आहे बघा, कुंभार बाई," खोत सर म्हणाले.

"आवाज आत आहेत, सर."

"असू द्या. मास्क आहे ना?"

मूल आपल्या रिंगणात पाऊल ठेवायचं. खांदे जरासे उडायचे, मास्क एकदा आत ओढला जायचा, एकदा बाहेर फुगायचा आणि मग "नमस्ते बाई" ऐकू यायचं. आवाज अंगात मुरायला दिवस जातो, हे दुपारी कळलं. अंकुश पवारच्या चपलेनं त्याच्या रिंगणाची रेघ पुसली गेली आणि बोलता बोलता तो थांबला. त्याचा आवाज खिडकीतून निघून गेला. अंकुश मुका घरी गेला, आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. तेव्हापासून मी नियम केला: शाळा सुटेपर्यंत रेघ शाबूत राहिली पाहिजे, आणि एकाच्या रिंगणात दुसऱ्यानं पाय घालायचा नाही. मुलांनी नियम पाळला. त्यांचं काय जातंय, हे त्यांना कळत होतं.

अकरा नंबरच्या रिंगणात कुणी आलं नाही.

मी हजेरी घेतली. अकरावं नाव तेजल महादेव कोळेकर.

"हजर बाई," रिकामं रिंगण म्हणालं आणि 'बाई'च्या पाठोपाठ कोंबडा आरवला.

तो कोंबडा माझ्या ओळखीचा होता. शाळा बंद असताना हजेरी मोबाइलवरच्या गटावर होत असे. मी "हजेरी" लिहायचे, मुलं आवाज पाठवायची. तेजलचं "हजर बाई" रोज दहाला यायचं आणि मागं कोंबडा आरवायचा. कोंबडा रोज आरवतो, ते ठीक आहे. पण रोज त्याच वेळी, 'बाई' संपायच्या आत, तेवढ्याच लांबीचा? तिसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ती एकदाच बोलली आहे आणि तेच कुणीतरी रोज पुढं ढकलतंय. तरी मी अकरा महिने तिच्या नावापुढं 'ह' लिहिला. 'गै' लिहिला असता तर फोन करावा लागला असता, तक्ता भरावा लागला असता, घरी जावं लागलं असतं. सगळ्यांचंच असं चाललंय, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता.

"तेजल," मी रिंगणाजवळ जाऊन विचारलं, "तू कुठं आहेस?"

"हजर बाई." कोंबडा.

"घरी कोण आहे?"

"हजर बाई." कोंबडा.

तिच्याजवळ तेवढंच होतं.

मी वहीत 'गै' लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याचा 'ह' झाला. मी खोडून पुन्हा 'गै' लिहिलं, पुन्हा 'ह' झाला. लाल पेनानं लिहिलं, लाल 'ह' झाला. मधल्या सुट्टीत मी वही घेऊन खोत सरांकडं गेले. सलग गैरहजर राहणाऱ्या मुलाचं नाव शाळाबाह्य यादीत जातं आणि मग समितीला त्या घरी जावंच लागतं, डोळ्यांनी मूल बघून सही करावी लागते. मला तेवढंच हवं होतं. मूल कुणीतरी डोळ्यांनी बघावं.

"आवाज हजर म्हणतोय तोवर वही तरी काय करणार?" खोत सर म्हणाले. "उद्या तिनं स्वतः सांगितलं की मी गैरहजर आहे, तर गोष्ट वेगळी."

"गैरहजर आहे हे सांगायला कुणी हजर होतं का, सर?"

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि सॅनिटायझरचा कॅन मोजायला उठले.

गुरुवारी सहावीच्या एका मुलीच्या आजोबांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. शुक्रवारी आमच्या वर्गात पाच मुलं आणि चौदा आवाज होते. शनिवारी एकही मूल नव्हतं. आवाज मात्र वेळेवर आले, आणि आठ दिवसांत त्यांना सगळे धडे पाठ झाले. फाटकाशी उभ्या राहिलेल्या पालकांची काही तक्रार नव्हती.

"आवाज येतोय न्हवं शाळंत?" अंकुशचे वडील म्हणाले. "मग झालं की. पोरगं ऱ्हाऊ दे घरी. उगं जिवाशी खेळ नगं."

त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. त्यांच्या घरात दोन तिरड्या उठल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात खोत सरांनी वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. ज्या विद्यार्थ्याचा आवाज वर्गात उपस्थित असेल त्यास हजर धरावे. आवाजास संमतीपत्राची आवश्यकता नाही. आवाजाचे तापमान मात्र रोज नोंदवावे. म्हणून सर रोज सकाळी वर्गात येऊन चौदा रिंगणांवर बंदूक धरायचे. बंदूक 'लो' दाखवायची, ते सत्त्याण्णव लिहायचे. त्या आठवड्यात आमची शाळा तालुक्यात सर्वांत सुरक्षित ठरली. ताप नाही, खोकला नाही, गर्दी नाही, हजेरी शंभर टक्के. सरांच्या चेहऱ्यावर दीड वर्षात पहिल्यांदा रंग आला होता.

"सर, तेजलचं बघायला पाहिजे," मी म्हटलं.

"आता तर सगळेच तसे आहेत. तिला एकटीला वेगळं कुठं काढता?"

इतके दिवस अकरा नंबरचं रिंगण रिकामं दिसत होतं, कारण बाकीची भरलेली होती. आता वर्गात तेरा रिकामी रिंगणं तिच्याभोवती होती. अशीच आणखी दोन-तीन वर्षं गेली तर ती सातवी, आठवी, नववी पास होणार होती आणि तिला कुणीही कधीही शोधणार नव्हतं. मी अकरा महिने जे एकटीनं केलं होतं, त्याचा आता नियम झाला होता.

मी त्याच दुपारी कोळेकर वस्तीवर गेले. तेजलची आई गोठ्यासमोर वैरण तोडत होती. मला बघून तिनं पदर नाकावर घेतला आणि सहा फुटांवर उभी राहिली. पायरीवर मोबाइल होता.

"तेजल कुठं आहे?"

"हाय की. येतीय न्हवं रोज शाळंत?"

"आवाज येतो. ती कुठं आहे?"

आईनं विळा खाली ठेवला. "नांदायला गिली. साळशीला. वैशाखात दिली."

"ती तेरा वर्षांची आहे."

"पन्नास माणसांत उरकलं, बाई. ना मांडव, ना पंगत. अशी सवलत पुन्यांदा कवा मिळायची आमाला? साळा बंद, आमी दोगं रानात, पोरगी दिवसभर एकटी घरात. भ्या वाटायचं." तिनं विळा पायानं बाजूला सारला. "आन् तुमीबी आशीर्वाद दिलासा की."

"मी?"

तिनं मोबाइल उचलला, गटावर खूप मागं नेला आणि लांबूनच माझ्याकडं धरला. नवरानवरी उभे होते. दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, मुंडावळ्यांच्या खाली मास्क. फोटोखाली माझं नाव, दोन जोडलेले हात आणि 'शुभाशीर्वाद' असं लिहिलं होतं. त्या महिन्यात मी गटावर सहा लग्नांना शुभाशीर्वाद दिले होते. वाटलं होतं, कुणाची तरी थोरली बहीण असेल. मास्कच्या वर दोन डोळे होते आणि ते सरळ फोटो काढणाऱ्याकडं बघत होते. मी तिला दोन वर्षं शिकवलं होतं. मला डोळे ओळखता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या नावापुढं 'ह' लिहिला होता.

मला इतकी लाज वाटली की मी तिथंच पायरीवर बसले.

"आवाज हितंच ठिवून घेतला," आई म्हणाली. "सासरी बायकांला कुटं लागतो? फोन रानात न्यायला लागलो तवापासनं रोज दहाला त्योच लावून दिती तुमच्याकडं. नाव कटलं तर चौकशी यील म्हनून."

"एवढ्यासाठीच?"

ती वैरणीकडं बघत राहिली. "मलाबी ऐकाय बरं वाटतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाच्या खणातली जुनी कंपासपेटी काढली. तिचं झाकण घट्ट बसतं. अकरा नंबरच्या रिंगणात पेटी उघडी धरली आणि नाव पुकारलं. "हजर बाई" आलं, कोंबडा आरवायला लागला आणि मी झाकण लावलं. पेटी हातात थरथरत होती. पर्समध्ये हजेरीची वही ठेवली आणि फक्कीचं पोतं झटकलं. चौदा रिंगणांत बहुतेक सगळी फक्की संपली होती, तळाशी ओंजळभर निघाली. ती पिशवीत बांधून घेतली. उरलेल्या तेरा आवाजांना मी अपूर्णांक घातले आणि बाहेरून कडी लावली.

साळशी एसटीनं दीड तासावर. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. ओट्यावर तेजलची सासू शेंगा फोडत बसली होती आणि अंगणाच्या कडेला तेजल साडी नेसून भांडी घासत होती. ती मला बघून उभी राहिली. हातातून राख गळत होती. तिच्या तोंडावर आता मास्क नव्हता, तरी ती काही बोलली नाही.

"कोन पायजे?" सासूनं विचारलं.

मी वही वर धरली. माझा मास्क, माझी पर्स आणि कापडी पुठ्ठ्याची वही बघून तिनं स्वतःच उत्तर दिलं. "कोरोनाचं हाय का? घ्या लिवून. हितं कुनाला काय न्हाई."

"हिची नोंद राहिलीय."

"घ्या की. लई गुनाची पोर हाय. सा म्हैनं झालं, एक शबुद न्हाई तोंडातनं. अशी सून दिवा लावून हुडकली तर घावायची न्हाई."

मी तेजलला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि तिच्याभोवती फक्कीचं रिंगण काढायला लागले. फक्की कमी होती. तिचे दोन पाय मावतील एवढंच रिंगण झालं आणि शेवटची चार बोटं रेघ तर अगदी चिमटीनं ओढावी लागली. पण ते पूर्ण झालं. सासू बघायला ओट्यावरून उतरली आणि रेघेशी येऊन आपोआप थांबली. गेल्या दीड वर्षात फक्कीच्या रेघेशी थांबायचं सगळ्यांना कळलं होतं. दुकानापुढं, दवाखान्यापुढं, रेशनच्या रांगेत.

मी पेटी रिंगणात धरली आणि झाकण उघडलं.

तेजलचे खांदे उडाले. तिनं तोंड उघडलं, मिटलं, गिळल्यासारखं केलं. कोंबड्याचा आवाज तेवढा पेटीत राहिला. मी झाकण लावलं, वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरून काढलं आणि वर्गात म्हणते तसं म्हटलं, "नंबर अकरा. तेजल महादेव कोळेकर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग सासूकडं, मग स्वतःच्या पायांभोवतीच्या रेघेकडं. आवाज वर्षभरापूर्वीचा होता, तिच्या आताच्या अंगाला जरा लहान पडत होता.

"गैरहजर, बाई," ती म्हणाली.

मी 'गै' लिहिलं. शाई वाळली. अक्षर तसंच राहिलं. मी त्यावरून बोट फिरवून बघितलं आणि मला रडू आलं, ते मी मास्कमध्येच पुसलं.

"आगं बया," सासू म्हणाली. "ही बोलती?"

"बोलते," मी म्हटलं.

"काय म्हनली ती? व्हय गं, काय म्हनलीस?" तिनं हात पुढं केला, पण रेघेच्या वर तो थांबला. "चल, घरात चल आदी."

"शाळा सुटेपर्यंत तिला हलता येणार नाही."

"कवा सुटती?"

"साडेचारला."

घड्याळात पाऊण वाजला होता. मी खोत सरांना फोन लावला. म्हटलं, अकरा नंबर गैरहजर आहे, तिनं स्वतः सांगितलंय, वहीत उतरलंय, समितीला पाठवा. सरांनी वहीतली ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाले, समितीतले दोघं क्वारंटाइन आहेत, तिसऱ्यांना विचारतो. साडेचारपर्यंत कुणीतरी नक्की येईल. मग म्हणाले, बहुतेक येईल.

सासू ओट्यावर परत गेली नाही. तिनं पाट आणला आणि रेघेला लागून बसली. शेजारच्या दोन बायका आल्या आणि तिच्या बाजूला बसल्या. तेजल रिंगणात उभी होती, हातावरची राख वाळत होती, आणि ती हळू आवाजात, मी दोन वर्षांपूर्वी शिकवलेला तेराचा पाढा म्हणत होती. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस.

माझ्या पर्समधली पेटी आरवली.

गोठ्याच्या मागून त्याला उत्तर आलं. तांबडा कोंबडा मान वेळावत अंगणात आला. पेटीतल्या कोंबड्याला शोधत तो माझ्याभोवती एक फेरी फिरला, मग तेजलकडं गेला. फक्की म्हणजे चुनाच, आणि कोंबड्यांना चुना लागतो. तिच्या टाचेमागं, जिथं मी चिमटीनं रेघ ओढली होती, तिथं तो थांबला आणि त्यानं चोच मारली.

"हाड्," मी म्हटलं. तो उडाला आणि परत आला. त्याच्या मागं चार कोंबड्या होत्या. मी पिशवी झटकली. तळाशी काही उरलं नव्हतं.

"तेरा पाचे पासष्ट," तेजल म्हणाली. सासूनं पदर खोचला आणि पाटावरून उठून उभी राहिली.